एकटीचं काव्यवाचन, कराड : कामाच्या नोंदी (जानेवारी ते मार्च २०२५)

मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. म्हणजे स्टँडवर खिडकीत बसून माईकवरून गाड्या पुकारणारी बाई. कविता लिहिते आणि नऊ वर्षं कविसंमेलनांतून वाचते. संमेलनात वाट्याला पाच मिनिटं येतात, तीही निवेदकाच्या कोट्या वजा जाता. मागच्या वर्षी एका ठिकाणी माझा तेविसावा नंबर लागला. रात्रीचे पावणेबारा झाले होते. समोर माईकवाला आणि दोन कवी होते, आणि त्या दोघांचं वाचून व्हायचं होतं म्हणूनच ते बसले होते. एकटीनं तासभर वाचायचं हे त्या रात्री डोक्यात बसलं. लॉगशीट भरायची सवय असल्यामुळे हेही लिहून ठेवलं. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर माझे पैसे आणि दिवस कुठे गेले ते तरी कळेल.

५ जानेवारी, रविवार

हॉल बघितला. वाचनालयाचा वरचा मजला, नव्वद खुर्च्या. मला २७ फेब्रुवारी हवी होती, मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. लिपिकानं वहीसुद्धा उघडली नाही. "मॅडम, ती तारीख दिवाळीतच गेली." त्या दिवशी गावातली प्रत्येक शाळा, कॉलेज, बँक काहीतरी करत असते. आपलं वाचन त्याच दिवशी ठेवून आपण आपलेच श्रोते वाटून घेणार होतो, हे तिथं उभं असताना लक्षात आलं. १ मार्चचा शनिवार मिळाला. भाडं २,५०० आणि अनामत १,००० भरून आले.

घरी आल्यावर पावती नीट वाचली. 'ध्वनिव्यवस्था स्वतःची.' हे विचारायचं राहिलंच. पहिली चूक, पहिल्याच दिवशी.

८ जानेवारी

कविता निवडायला घेतल्या. एकसष्ट कागद पलंगावर पसरले. हे म्हणाले, "आज झोपायचं कुठं?" वाद टाळून चौतीस निवडल्या आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर उभी राहून सगळ्या ओळीनं वाचल्या. एक तास बावन्न मिनिटं लागली, आणि मधे दोनदा पाणी प्यायले ते यात धरलेलं नाही.

ज्यांना हे करायचंय त्यांनी प्रत्येक कवितेपुढे तिची मिनिटं आणि सेकंद लिहून ठेवावेत. माझा अंदाज सगळीकडे चुकला. पानभर मुक्तछंदाला दीड मिनिट लागेल वाटलं होतं, लागली अडीच. छंदातल्या मात्र भरभर पळाल्या.

१२ जानेवारी

मोबाईलवर पाच कविता रेकॉर्ड केल्या आणि ऐकल्या. अंगावर काटा आला, पण भलत्याच कारणानं.

मी कविता वाचत नव्हते, गाडी पुकारत होते. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, कराडहून पाटण, कोयनानगरमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर उभी आहे" या वाक्याची एक चाल आहे. प्रत्येक तुकड्याचं शेवटचं अक्षर वर उचलायचं, जरा ताणायचं आणि सोडून द्यायचं. पत्र्याच्या शेडखाली, इंजिनांच्या घरघरीत तेवढंच अक्षर लोकांपर्यंत पोचतं. हे कुणी शिकवलेलं नाही, चौदा वर्षांत आपोआप आलंय. आता माझ्या कवितेतली प्रत्येक ओळ सहा नंबरच्या फलाटावर येऊन उभी राहत होती.

नऊ वर्षांत हे कुणी सांगितलं कसं नाही? पाच मिनिटांत कळत नसावं. किंवा कळत असेल आणि लोक भले असतील.

या सगळ्या भानगडीत एक कविता मी मापट्यासारखी वापरली, म्हणून ती इथं देते. पुढे तिचा उल्लेख येत राहील.

बाकावर विसरलेली पिशवी
दिवसभर कुणाची तरी वाट बघते.
संध्याकाळी मी तिची नोंद करते :
रंग निळा. आत दोन भाकरी,
एक चपलेचा जोड,
लहान.

हिच्यात सगळा खेळ शेवटच्या शब्दाचा आहे. रेकॉर्डिंगमध्ये मी 'लहाऽऽन' असं उचललं होतं. पुढे 'सुटण्याच्या तयारीत आहे' एवढंच म्हणायचं बाकी होतं.

१४ जानेवारी

संक्रांत. काम शून्य.

१९ जानेवारी, रविवार

मधले चार दिवस वाया गेले. कसे गेले ते सांगते, कारण हा खड्डा बहुतेकांच्या वाटेत येणार.

मोठ्या कवींची वाचनं ऐकून शिकावं असं ठरवलं. वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर ही तिघं एकेकाळी गावोगाव एकत्र कविता वाचत फिरायची, लोक तिकिटं काढून यायचे. त्यांची रेकॉर्डिंग्ज मिळतात. रात्री कानात घालून ऐकत बसले. विंदांचा तो खणखणीत आवाज, पाडगावकरांचं ते ओळीशी लाडीगोडी करत जाणं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता मी माझी कविता म्हणून बघितली, तर आतून पाडगावकर आले. मुलगा म्हणाला, "आई, कुणाची नक्कल करतीयस?" दोन दिवस तो हेल जाईना.

नंतर दुसरं टोक गाठलं. चाफळची गाडी मी रोज पुकारते. त्या चाफळला १८९९ साली कवी यशवंत जन्मले. पुण्यात १९२३ च्या सुमारास जमलेल्या रविकिरण मंडळात ते होते, आणि त्या मंडळींनी कविता गाऊन दाखवायची रीत लोकांत रुजवली. आपल्याच रस्त्यावरचा कवी, म्हणून वाटलं एखादी गाऊन बघू. माझा एक अभंग आहे :

पहाटेची गाडी । काचेवर धुके ।
ड्रायव्हर फुंके । चहा गार ॥

गायला लागले तर आतल्या खोलीतून आत्यांनी टाळी धरली. आमच्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. दुसऱ्या चरणाला त्यांनी विठ्ठल विठ्ठल सुरू केलं. थंड झालेला चहा सवयीनं फुंकणाऱ्या ड्रायव्हरचं भजन झालं. अभंगाची चाल आपल्या लोकांच्या रक्तात आहे, तोंड उघडलं की ती तुम्हाला ओढून नेते. शब्द ऐकवायचे असतील तर चाल मोडून, अर्थ थांबेल तिथं थांबून, साधं बोलल्यासारखं वाचावं लागतं. 'ड्रायव्हर फुंके चहा' एका दमात घ्यायचं आणि 'गार' वेगळं ठेवायचं. एवढं कळायला चार दिवस गेले. गाणं सोडलं.

३० जानेवारी

२५ तारखेपासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. खिडकीवर दिवसभर एकच प्रश्न, "काल तर एवढंच होतं की!" सहाव्या दिवशी आवाज बसला. फाटक्या नोटेसारखा झाला.

ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध घेतलं, मिठाच्या गुळण्या केल्या. खरं काम केलं ते गप्प बसण्यानं. सहकाऱ्याला विनंती करून दोन दिवस पुकारण्याचं काम त्याच्याकडे दिलं आणि मी फक्त लॉगशीटवर वेळा टाकत बसले. एक गोष्ट करू नका, कुजबुज. बसलेल्या आवाजात कुजबुजलं की घसा आणखी ताणतो. मी पहिल्या दिवशी तेच केलं आणि एक दिवस वाढवून घेतला.

आठवडाभरात एकही कविता वाचली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

घरी पहिली चाचणी. श्रोते : आत्या, मुलगा, शेजारच्या दोन वहिनी. ठरवलं होतं की आत्या जिथं पेंगतील ती कविता कापायची. वय एक्याऐंशी, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण जात्यावरच्या ओव्या अजून शंभरभर पाठ. कान पक्का.

आत्या नवव्या कवितेला पेंगल्या, तेराव्याला पेंगल्या, आणि पंधराव्याला तर चक्क घोरल्या. पंधरावी माझी सगळ्यात आवडती. काढली. मन मोडलं होतं. दोन दिवसांनी कळलं की त्यांची रक्तदाबाची गोळी साडेआठला असते आणि नंतर त्या रोजच घोरतात. पंधरावी परत घातली. चाचणीचा माणूस निवडताना त्याची गोळ्यांची वेळ विचारून घ्या.

तेरावीबद्दल मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी भांडी पुसताना स्वतःहून सांगितलं. "त्यात लई माणसं हायत. कोण कुणाची लेक, कळंना." बरोबर होतं. कागदावर वाचणारा मागं जाऊन बघू शकतो, ऐकणाऱ्याला तशी सोय नाही. त्या कवितेत 'ती' हे सर्वनाम तीन वेगळ्या बायांसाठी आलं होतं. दुरुस्त करायला बसले तर कविताच मोडायला लागली. सोडून दिली.

शेजारच्या वहिनींचं मत : "छान होतं." याचा काही उपयोग होत नाही.

६ फेब्रुवारी

आधी मोबाईलवरून वाचायचा विचार होता. करून बघितलं. स्क्रीन विझते, बोट लागून पान सरकतं, आणि चौथ्या कवितेत डेपोतून फोन आला. कागदच बरा.

पहिल्यांदा नेहमीच्या पातळ कागदावर छापून आणलं, पाठपोट, वर पिन मारून. तिन्ही गोष्टी चुकल्या. पातळ कागद माईकपुढे पापड मोडल्यासारखा वाजतो. पाठपोट असला की पलटताना कुठली बाजू वाचून झाली ते विसरतं. पिन मारली की पान दुमडावं लागतं आणि पंखा ते परत उलगडतो. दुसऱ्यांदा जाड कागद घेतला, एकाच बाजूला छापलं, अक्षर अठरा पॉइंटचं, पानाचा खालचा चौथा भाग कोरा. तळापर्यंत मजकूर असला की मान खाली जाते आणि आवाज छातीत पडतो. वाचलेलं पान उचलायचं नाही, डावीकडे नुसतं सरकवायचं. दोन्ही वेळचे मिळून २१४ रुपये झाले, त्यातले ८० पाण्यात.

श्वासाच्या खुणा पेन्सिलीनं केल्या. पेनानं करू नका, रोज बदलतात.

९ फेब्रुवारी, रविवार

आज दुसरी पाळी. काम पुढं सरकलं ते ड्युटीवरच.

चारच्या सुमारास एक बाप खिडकीवर आला. विट्याच्या गाडीत पिशवी राहिली होती. कंडक्टरनं ती दुपारीच आणून दिली होती. मी वही उघडली आणि नोंद वाचून दाखवली. "काळी सॅक. चेन तुटलेली. एक डबा, एक वही, गणिताची." तो "हो हो, तीच" म्हणाला, सही केली, गेला.

मी तशीच बसले. आत्ता जो आवाज निघाला होता तो पुकारण्याचा नव्हता, कविसंमेलनातलाही नव्हता. नोंद वाचताना मी काहीच करत नव्हते. समोरच्याला वस्तू ओळखू यावी एवढाच हेतू. शेवटी आवाज उचलला नाही, की दुःखी केला नाही.

सव्वाआठला गर्दी उतरली. माईकचं बटण बंद आहे ना ते दोनदा बघितलं आणि निळ्या पिशवीची कविता त्याच वहीवर डोळे ठेवून, नोंद वाचावी तशी वाचली. 'लहान' शब्द खाली, सपाट, चपलेच्या मापासारखा आला. मला स्वतःलाच गिळायला जड गेलं.

म्हणजे चौदा वर्षं माझ्याकडे दोन आवाज होते आणि मी व्यासपीठावर चुकीचा घेऊन जात होते.

याचा अर्थ सगळ्या कविता सपाट वाचायच्या असा नाही. दुसऱ्या दिवशी तोही प्रयोग केला आणि सगळं पंचनाम्यासारखं झालं. आता प्रत्येक कवितेच्या डोक्यावर पेन्सिलीनं एकेक शब्द लिहिलाय, ती कुणाला सांगतेय ते. 'बापाला'. 'ड्रायव्हरला'. 'आत्यांना, जेवताना'. 'कुणालाच नाही'. तो शब्द वाचायचा, माणूस डोळ्यांपुढे आणायचा, मग पहिली ओळ. सूर त्यातून बराचसा आपोआप ठरतो.

१३ फेब्रुवारी

कार्यक्रम किती वेळाचा? याचं उत्तर मला कवितेतून मिळालं नाही, वेळापत्रकातून मिळालं.

येणाऱ्यांतले निम्मे आजूबाजूच्या गावांतले. ढेबेवाडीच्या बाजूच्यांना साडेसातनंतर एकच सोयीची गाडी, ती मुक्कामी. सातारच्या बाजूला गाड्या आहेत, पण उंब्रजला उतरून पुढं आत जायचं तर पंचाईत. सहाला सुरू केलं तरी साडेसहा होणार, हे महाराष्ट्रात गृहीत धरावं. वाचनालयापासून स्टँड चालत बारा मिनिटं. सगळं मागं मोजत आणलं तर हातात अठ्ठेचाळीस मिनिटं उरली.

चौतीसच्या सतरा झाल्या. शेवटच्या कवितेत दहा मिनिटं जाणार होती, ती दीर्घकविता आधी गेली. तिच्यावर मी तीन महिने घालवले होते. पण घड्याळाकडे बघणाऱ्या माणसाला दीर्घकविता ऐकवू नये, शेवटच्या गाडीची काळजी काय असते ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

क्रमही बदलला. सुरुवातीला स्टँडवरच्या हलक्या कविता, कारण पहिली दहा मिनिटं लोक खुर्च्या ओढत असतात. निळी पिशवी सातवी. आईवरच्या तीन कविता होत्या, एक ठेवली. मराठी काव्यवाचनात आई अतोनात झालीय, माझीही त्यात भर आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

माईकची चाचणी. ध्वनिवाल्यानं १,८०० सांगितले होते. आधी एक तास येऊन बघतो याचे ३०० वेगळे. द्यायला जिवावर आलं, पण हे पैसे वाचवू नका.

मला माईकचं काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी गेले होते. स्टँडचा माईक ओठांना लावून बोलायचा असतो. इथं तसं केलं आणि 'भाकरी' म्हटल्याबरोबर स्पीकरमधून सुरुंग उडाला. मराठीत ख, घ, थ, ध, फ, भ ही सगळी हवा फेकणारी अक्षरं, वर प आहेच. माईक समोर धरला की ती हवा थेट जाळीवर आदळते. त्या पोरानं स्टँड जरासा डावीकडे सरकवला, माईक माझ्या हनुवटीच्या बाजूनं तिरपा केला, आणि चार बोटं अंतर ठेवायला सांगितलं. 'भाकरी' पुन्हा भाकरी झाली. जवळ गेलं की आवाज जाड होतो, लांब गेलं की पातळ, हेही ऐकून घेतलं. एका कवितेत तेवढंच मुद्दाम वापरलं, शेवटची ओळ दोन बोटं जवळ जाऊन.

शिट्टी येत होती. स्पीकर माझ्या पाठीमागे भिंतीला ठेवले होते, माईक त्यांचाच आवाज परत ओढत होता. पुढे आणले, तोंड श्रोत्यांकडे केलं, थांबली.

पोरगं बावीस-तेवीसचं, एरवी वराती आणि गणपती करतं. निघताना म्हणालं, "ताई, ती पिशवीची पुन्हा घेता का, लेव्हल बघायचीय." लेव्हल बघून झाली होती.

२१ फेब्रुवारी

निमंत्रणाचं. फ्लेक्स लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं, चौकात आपलं तोंड बघायची हौस नाही. दोनशे हस्तपत्रकं ३८० रुपयांत छापली, बाकी व्हॉट्सअ‍ॅप.

आज शेजारच्या गल्लीतले गुरुजी भेटले. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाला ते गेलेले आहेत. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, बाहेर आणीबाणी, आणि दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यावर बोलत होत्या. त्याबद्दल ते कधीही, कुठेही सांगायला तयार असतात. पत्रक बघून म्हणाले, "बाई, वरच्या मजल्यावर? मला बावीस पायऱ्या व्हायच्या नाहीत."

बावीस! मी स्वतः चार वेळा चढून गेले होते आणि माझ्या मनातही आलं नाही. माझे निम्मे श्रोते साठीपुढचे. त्यांना एसटी पंच्याहत्तरीनंतर फुकट नेते, आणि मी जिन्याखाली सोडणार होते.

ड्युटी संपवून तशीच वाचनालयात गेले. खालचं वर्तमानपत्रांचं दालन शनिवारी पाचला बंद होतं. एकोणसाठ खुर्च्या, टेबलं भिंतीला सारली तर. लिपिक आधी नको म्हणाले, मग कार्यवाहांशी बोलले, मग हो. भाडंही १,५०० च, फरक परत मिळाला. पत्रकं मात्र छापून झाली होती. दोनशे पत्रकांवर 'पहिला मजला' खोडून 'तळमजला' लिहायला मुलगा आणि मी रात्री साडेअकरापर्यंत बसलो. साठाव्याला त्याचं अक्षर ढासळलं.

आजपासून तीन दिवस दिल्लीत अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन आहे, आमच्या शेजारच्या सांगलीच्या तारा भवाळकर अध्यक्ष. गावातले पाच-सहा कवी तिकडं गेलेत. ओव्या आणि लोकसाहित्यात आयुष्य घातलेली बाई तिथं बसलीय हे आत्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग तिला माज्या लिवून घ्यायच्या असतील तर सांग."

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. जादा गाड्या. सकाळी सहापासून पुकारणं. घशासाठी दर तासाला कोमट पाणी. सराव नाही.

१ मार्च, शनिवार

सहाला अकरा माणसं. सव्वासहाला सव्वीस. सहा पस्तीसला सुरू केलं तेव्हा त्रेचाळीस. उंब्रजहून बायांचा एक गट आला, सात जणी, अर्ध्या तिकिटात. गुरुजी पहिल्या रांगेत, काठी टेबलाला लावून.

निवेदक ठेवला नव्हता. हार, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे यांना फाटा दिला होता. नंतर दोघं-तिघं म्हणाले, "कार्यक्रम सुरू कधी झाला ते कळलंच नाही." पुढच्या वेळी निदान एक घंटा तरी वाजवेन.

मोठी चूक इथं झाली. सुरुवातीला मी सांगितलं, "कवितांच्या मधे कृपया टाळ्या नकोत, शेवटी एकदम." पुण्यामुंबईच्या कार्यक्रमांत ऐकलेलं, भारदस्त वाटलं होतं. पहिली कविता संपली, शांतता. दुसरी संपली, शांतता. तिसरीला लोक एकमेकांकडे बघायला लागले, हसू आलं तरी दाबायला लागले. शोकसभेत दोन मिनिटं उभं राहिल्यासारखं वातावरण. माझी जीभ कोरडी पडली आणि पुकारण्याचा आवाज दारात येऊन उभा राहिलेला मला जाणवला. चौथीची शेवटची ओळ तर मी उचललीच. पाचवीच्या आधी सरळ कबूल केलं, "माझं चुकलं. टाळ्या वाजवा, वाह म्हणा, खोका, काय करायचं ते करा." लोक हसले, खुर्च्या वाजल्या. तिथून कार्यक्रम लागला.

सातवी, पिशवी. डोक्यावर 'बापाला' लिहिलेलं. दोन भाकरींना मागं कुणीतरी हसलं, ते मला अपेक्षित नव्हतं, घरी कुणी हसलं नव्हतं. पण भाकरी विसरणं हे हसण्यासारखं आहेच. मी थांबले. हसणं पूर्ण विझू दिलं नाही, अर्ध्यावर असताना 'एक चपलेचा जोड' घेतलं आणि मग तो शब्द. हसणारा माणूस मधेच तुटला. टाळी आली नाही. येऊ नयेच.

अकरावीत जागा हरवली. पान सरकवताना दोन सरकली. असं झालं तर शोधत बसू नका. मी "थांबा, पान चुकलं" म्हटलं, शांतपणे काढलं, कविता पहिल्यापासून घेतली. वीस सेकंद गेले असतील, मला वीस मिनिटं वाटली. तेराव्या आणि चौदाव्याच्या मधे एकाचा फोन वाजला. रिंगटोन लावणीची. ठेका चांगला होता.

अठ्ठेचाळीसच्या जागी बावन्न मिनिटं झाली, म्हणून सोळावी तिथल्या तिथं गाळली. चहा उभ्या उभ्या. मुक्कामी गाडीवाले पळाले, दोघींनी कप हातात घेऊनच.

गुरुजी शेवटपर्यंत थांबले. मला वाटलं दुर्गाबाईंवर येणार. ते म्हणाले, "ती पिशवी कुणी नेली का मग?" नाही नेली, म्हटलं. तीन महिने ठेवली होती. "आणि भाकरी?" त्या दुसऱ्या दिवशीच कुत्र्याला घातल्या.

"हे कवितेत नाही," ते म्हणाले. हे मत होतं, तक्रार होती की सूचना, अजून ठरवता आलेलं नाही.

३ मार्च

हिशेब. भाडं १,५००. ध्वनी १,८००, चाचणी ३००. कागद २१४. पत्रकं ३८०. चहा साठ कप, ६००. रिक्षा १२०. एकूण ४,९१४. दाराशी डबा ठेवला होता, 'इच्छा असेल तर' लिहून. त्यात २,७३० निघाले, शिवाय एक बटण. खिशातून २,१८४ गेले. अनामत आज परत मिळाली. चहा चाळीसच कप लागला, वीस कप आम्ही आणि ध्वनिवाल्या पोरानं संपवला.

रेकॉर्डिंग करायचं विसरले. दोन महिने सराव रेकॉर्ड केला आणि खरा कार्यक्रम केला नाही. फोन पिशवीत होता, बंद करून.

चिपळूणहून एका ओळखीच्या बाईंचा निरोप आलाय, तिकडं करशील का म्हणून. पायऱ्या किती ते आधी विचारलंय.

आज पहिली पाळी होती. सव्वानऊची चिपळूण लागली. मी माईक हातात घेतला, तिरपा, चार बोटांवर. "कराडहून पाटण, कोयनानगरमार्गे." श्वास घेतला. "चिपळूणला जाणारी गाडी." खाली, सपाट. "फलाट क्रमांक. सहा."

ड्रायव्हर केबिनमधून उतरून खिडकीवर आला. "मॅडम, माईक बिघडलाय का? कुणी चढंना झालंय."

पुन्हा पुकारली, नेहमीसारखी.